नऊ-शून्यातलं ते शून्य

आज, १७ नोव्हेंबर २०२४ ला, अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये बफेलोनं आपल्या कॅन्सस सिटी चीफ्सना ३०-२१ हरवलं, सलग नऊ विजयांनंतरची (९-०) पहिली हार, आणि चाहत्यांच्या ग्रुपवर सुतक पडलं. "दृष्ट लागली हो!" अरे, दृष्ट कसली? हा पराभव गेल्या रविवारीच व्हायचा, तो एका पंजावर अडला होता.

त्या सामन्यातला डेन्व्हरचा शेवटचा फील्ड गोल (खांबांमधून किक मारून तीन गुण) आठवा. स्कोअर १६-१४, आपण पुढे, अंतर ३५ यार्ड, घड्याळ संपलेलं. अशी किक या लीगमधल्या किकरला रोजची. स्नॅप (पायांमधून मागे फेकलेला चेंडू) सात-आठ यार्ड मागे जातो, होल्डर चेंडू टेकवतो, पाय बसतो, सगळं मिळून जेमतेम १.३ सेकंद. तेवढ्यात आपल्या लिओ शनॅलनं समोरच्या लाइनमनला (किकरपुढे भिंत करणाऱ्याला) रेटत मागे नेलं, हात वर घातला आणि चेंडू अडला. तो हात चार बोटं खाली असता तर आपण ८-१ असतो, आणि आजचं रडगाणं आठवडाभर आधीच गाऊन झालं असतं.

आता मागचे सामने काढा. बॉल्टिमोर: शेवटच्या चेंडूवर त्यांच्या लाइकलीच्या बुटाचं टोक रेषेवर पडलं, टचडाउन (चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेऊन सहा गुण, वर जादा किकचा एक) हुकला, म्हणून २७-२०. सिनसिनाटी: चौथा डाउन (चढाईच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), १६ यार्ड लागणार, पास चुकला. पण पंचांचा पिवळा रुमाल (त्यांच्या फाउलची खूण) पडला आणि मग आपला किकर बटकरची ५१ यार्डांची किक, २६-२५. टँपा: जादा वेळ, टॉस आपला, पहिल्याच चढाईत टचडाउन आणि सामना संपला. त्यांच्या हाती चेंडू आलाच नाही. नऊपैकी सात विजय सात किंवा त्याहून कमी गुणांचे! एका टचडाउनच्या आतले! आणि आपण मिसोरीपासून पुण्यापर्यंत 'यंदा अजिंक्य' म्हणून पोस्टरं फिरवतोय.

गुणफरक बघायची सवयच नाही आपल्याला. चीफ्स नऊ सामन्यांत २१९-१६१, म्हणजे ५८ नं पुढे. २००७ चे पेट्रियट्स नऊ सामन्यांनंतर ३५५-१४७, म्हणजे २०८ नं. दोघांच्याही नावापुढे ९-० च. याला एकच माप कसं लावता? (हो, ते पेट्रियट्सही शेवटी सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) जायंट्सकडून १७-१४ हरले. माहीत आहे.)

दुसरं म्हणजे समोर कोण होतं ते बघा. २०१३ चे चीफ्स, हाच प्रशिक्षक रीड, त्याचं पहिलंच वर्ष, तेही ९-०. त्यात ह्यूस्टनचा किनम, क्लीव्हलंडचा कॅम्पबेल, बफेलोचा ट्यूएल असे एकामागोमाग बदली क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारे) समोर आले. बफेलोत तर आपल्या आक्रमणानं एकही टचडाउन केला नाही. दोन्ही बचावानं आणले, त्यातला एक १०० यार्डांचा इंटरसेप्शन (त्यांचा पास हिसकावून उलट धावणं). मग डेन्व्हरमध्ये आपली पहिली हार, तारीख १७ नोव्हेंबर. हो, आजचीच! तो सीझन ११-५ वर आला आणि प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) ३८-१० अशी आघाडी घेऊन इंडियानापोलिसकडून ४५-४४ हरलो. २०२० चे स्टीलर्स ११-० होते, संपले १२-४ वर.

अटीतटीचे सामने काढणं हीही कला असते, आपला क्वार्टरबॅक महोम्स आणि रीड यांना ती येते. बरं, दिलं. पण शनॅलचा तो पंजा महोम्सच्या कलेत कुठे बसतो?

लिहिता लिहिता राग थोडा निवला, म्हणून एक कबूल करतो. या संघानं जे ओढलंय ते सोपं नव्हतं. पचेकोचा पाय दुसऱ्याच आठवड्यात मोडला, राइसचा गुडघा चौथ्यात गेला, ब्राउन तर सीझनआधीच खांद्यामुळे बाहेर. मग पास झेलायला हॉपकिन्सला ऑक्टोबरच्या शेवटी आणलं. अशा डब्यानं ९-० गाठणं म्हणजे पंक्चर टायरवर घाट चढणं. कौतुक आहेच. पण टायर पंक्चर आहे हे बोलायचं की नाही?

आज बफेलोनं काय केलं ते बघा. २३-२१ नं ते पुढे, अडीच मिनिटांहून कमी वेळ, आपल्या २६ यार्डांच्या रेषेवर त्यांचा चौथा डाउन, दोन यार्ड लागणार. फील्ड गोल मारला असता तर २६-२१, आणि चेंडू महोम्सकडे. एका टचडाउनचं काम. त्यांचा प्रशिक्षक मॅकडरमॉटनं किक घेतलीच नाही. क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन चेंडू घेऊन सुटला आणि थेट टचडाउन. डेन्व्हरनं सामना किकरच्या पायावर ठेवला, यांनी क्वार्टरबॅकच्या. तिकडे मधे एक पंजा येऊ शकला, इकडे आलाच नाही.

पुढच्या रविवारी कॅरोलायना. बटकर गुडघ्यामुळे बाहेर, जागी स्पेन्सर श्रेडर. शेवटच्या मिनिटाला किक आली तर आधी लाइनकडे बघा, चेंडू नंतर.