झाडावरचे डिकॉय: उंचीपेक्षा जागा बघा

इंग्लंडमधल्या वूडपिजनच्या, म्हणजे तिथल्या रानकबुतराच्या, शिकारीबद्दल एक सल्ला बराच फिरतोय. तो आहे डिकॉयबद्दल, म्हणजे खऱ्या पक्ष्यांना जवळ ओढायला मांडलेल्या खोट्या कबुतरांबद्दल. "डिकॉय झाडावर चढवा. जितके उंच, तितकी कबुतरं जास्त. मग खाली शेतात काही मांडायला नको. एकदा चढवले की हंगामभर राहू द्या. आणि वूडपिजनला परवाना लागतच नाही." यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य नवशिक्याला चुकीच्या वाटेला लावणारं आहे.

आधी उंची. वूडपिजन शेतात थेट उतरतोच असं नाही. बऱ्याचदा तो बांधावरच्या एखाद्या झाडावर थांबतो, अंदाज घेतो आणि मग खाली येतो. ते ठरावीक झाड कोणतं, हे दुर्बीण घेऊन शांतपणे बसलं की कळतं. डिकॉय त्याच झाडावर हवा, तोही बाहेरच्या मोकळ्या फांदीवर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसेल असा. जूनमध्ये पानांनी गच्च भरलेल्या ओकवर तो कितीही उंच नेला, तरी वरून जाणाऱ्या पक्ष्याला दिसणारच नाही. हिवाळ्यात पानं झडलेल्या झाडावर मात्र तोच डिकॉय लांबून नजरेत भरतो.

उंचीचा हिशेबही करून बघा. लपणीपासून, म्हणजे शिकारी लपून बसतो त्या जागेपासून, खोड 30 मीटरवर आणि डिकॉय 18 मीटर उंच असेल, तर बंदुकीपासून त्याचं सरळ अंतर 35 मीटर होतं. साध्या 12 बोअरच्या बंदुकीच्या छऱ्यांसाठी ही जवळजवळ शेवटची हद्द. त्याच्याही पलीकडे बसलेल्या पक्ष्यावर गोळी झाडणं म्हणजे त्याला जखमी करून सोडणं, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

"खाली मांडायला नको" हा सगळ्यात घातक भाग. झाडावरचे डिकॉय लांबच्या पक्ष्याला वळवतात. त्याला खाली उतरवण्याचं काम जमिनीवरच्या मांडणीचं. रेपसीडच्या (मोहरीसारख्या तेलबियांच्या) किंवा वाटाण्याच्या शेतात डिकॉयची तोंडं साधारण वाऱ्याकडे ठेवायची आणि मध्ये उतरायला मोकळी जागा सोडायची, कारण पक्षी वाऱ्याला सामोरा येऊन उतरतो. खाली काहीच नसेल तर आलेला पक्षी झाडातच बसतो, फांद्यांच्या आड. तिथे नेम नीट लागत नाही आणि मेलेला पक्षी कधी कधी वरच अडकतो.

ऊन किंवा पाऊस पडला की प्लॅस्टिकचा डिकॉय चकाकतो. झाडावर ही चकाकी जास्तच दिसते आणि पक्षी बिचकतात. तेव्हा भरमसाट चढवण्यापेक्षा मोजके, बिनचमकीचे चांगले.

परवान्याचं म्हणणं अर्धंच खरं. वैयक्तिक अर्ज करावा लागत नाही, कारण इंग्लंडमध्ये सर्वसाधारण परवाना, म्हणजे अर्ज न करता सगळ्यांना लागू होणारा परवाना असतो. पण त्याच्या अटी पाळाव्याच लागतात: पिकाचं गंभीर नुकसान टाळणं यासारखं त्यात दिलेलं कारण हवं, नुसती हौस चालत नाही. बंदुकीचं पोलिसांचं प्रमाणपत्र आणि जमीनमालकाची परवानगी वेगळी. रेकॉर्ड केलेला आवाज किंवा बांधलेला जिवंत पक्षी आमिष म्हणून वापरायला 1981 च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. भारतात तर हा विषयच नको. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे.

आणि स्टॉक डव्ह, म्हणजे वूडपिजनसारखंच दिसणारं दुसरं रानकबुतर? तो या परवान्यात येत नाही. संध्याकाळी उंच फांदीवरची राखाडी आकृती दोघांची सारखीच दिसते. मानेवरच्या पांढऱ्या ठिपक्यावर विसंबू नका, वूडपिजनच्या पिल्लांना तो नसतो. पंखावरचा पांढरा पट्टा बघा. तो वूडपिजनला असतो, स्टॉक डव्हला नसतो. पट्टा दिसला नाही तर बंदूक खाली.

राहिलं हंगामभर ठेवण्याचं. हलत नाहीत, उडत नाहीत अशी खोटी कबुतरं रोज तिथेच दिसली की खरी त्या झाडाला टाळू लागतात. त्याहून वाईट म्हणजे डिकॉय वर ओढायला वापरलेली दोरी. ती फांदीत राहिली तर रात्री घुबडासारखा पक्षी तिच्यात गुरफटू शकतो. म्हणून एकात एक बसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या दांड्यांनी डिकॉय चढवा, आणि दोरी वापरलीच तर निघण्यापूर्वी तिचा तुकडान् तुकडा खाली आणा.