एकट्याला भात नाही

"एकटेच? मग पाएया नाही," म्हणत वेटरने मेन्यूकार्ड माझ्या हातातून जवळजवळ ओढलंच. पाएया म्हणजे स्पेनमधला कढईतला भात. तो खायला व्हॅलेन्सियाहून बस पकडून मी मुद्दाम एल पाल्मार या गावी गेलो होतो. अल्बुफेरा तळ्याच्या काठी, चहूबाजूंना भातखाचरं. कार्डावर लिहिलेलं दर माणशी १८ युरो आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, किमान दोन माणसं. म्हणजे भातासाठी ३६ युरो. मग 'दर माणशी' छापता कशाला? आपल्याकडचे थाळीवाले एका थाळीत दोघांना जेवू देत नाहीत, इथे दोघांचे पैसे भरल्याशिवाय एकाला जेवू देत नाहीत. हॉटेलवाला कुठलाही असो, गणित त्याच्याच बाजूने सुटतं.

शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना राहवलं नाही.

"बायको कुठंय?"

"पुण्यात."

"मग पाएया पुण्यात खायची!"

एवढं बोलून ते थांबले असते तर मी माफ केलं असतं. पण त्यांनी खुर्चीच माझ्याकडे वळवली. पाएयात कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गारोफोचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, केशर. बस्स. मी भीतभीत विचारलं, "कांदा?" आजोबांनी डोळे मिटून घेतले. "मटार?" यावर ते माझ्याकडे, मी त्यांच्या आईबद्दल काही बोललो असल्यासारखे बघायला लागले. २०१६ मध्ये जेमी ऑलिव्हर या इंग्रज शेफने पाएयात चोरिझो सॉसेज घातलं, तेव्हा अख्खा स्पेन पेटला होता. आजोबा अजून विझलेले नव्हते. चोरिझोवर दहा मिनिटं गेली.

त्यांच्यासमोर मोटारीच्या चाकाएवढी कढई. तिथल्या जुन्या रीतीप्रमाणे आजी-आजोबा दोघं लाकडी चमच्याने थेट कढईतूनच जेवत होते, प्रत्येकाने आपापल्या बाजूचं खायचं. आजोबांनी माझ्याकडे तोंड केल्यापासून आजींनी सीमा ओलांडली होती. आधी ससा गेला, मग तळाची कुरकुरीत खरपुडी, जिच्यावर आजोबा त्या क्षणी मला भाषण देत होते. आजी एक शब्द बोलल्या नाहीत. त्या टेबलावर अक्कल एकाच माणसाला होती.

पण इतक्या वेळात दोघांपैकी एकालाही 'या जेवायला' म्हणावंसं वाटलं नाही. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात अनोळखी माणूससुद्धा डबा उघडला की आधी समोरच्यापुढे धरतो. खरंच खायचं नसतं हो, पण विचारावं! तोंड फिरवून बसले असते तरी चाललं असतं. इथे भूक लागलेल्या माणसाला भाताची पाककृती ऐकवत होते.

मी बटाट्याचं गारढोण ऑम्लेट खाल्लं. वेटरने न मागता पावाची टोपली आणून ठेवली होती. भाषणाच्या भरात आजोबांनी तिच्यातले दोन तुकडे उचलून कढईत उरलेलं तेल पुसून खाल्लं. मी पावाला हातही लावला नव्हता. बिलात पावाचे दीड युरो होते.