घरी पोहोचण्यापुरती घेतलेली सायकल

सायकल घेण्याचा माझा कोणताही विचार नव्हता, हे आधीच स्पष्ट केलेले बरे, कारण बारा वर्षे होत आली तरी आमच्या घरी यावर कोणी विश्वास ठेवत नाही. नोव्हेंबर 2013 मधील गोष्ट आहे. मोटारसायकलची क्लचप्लेट जळाली म्हणून ती एका ओळखीच्या टेम्पोत टाकून मी पुलगावला नेली. मिस्त्रीने ती उघडून पाहिली, सामान वर्ध्याहून उद्या येईल असे सांगितले आणि गाडी ठेवून घेतली. तोवर आमच्या बाजूला जाणारी शेवटची एसटी निघून गेली होती आणि गाव अकरा किलोमीटरवर होते. मिस्त्रीच्या शेजारीच सायकल दुरुस्तीचे टपरीवजा दुकान होते, आणि त्याच्या भिंतीला एक काळी, उंच, पुढचे मडगार्ड नसलेली अ‍ॅटलस टेकवून ठेवलेली होती. एका रात्रीपुरती भाड्याने मिळेल का, असे मी विचारले. "भाड्यानं कोन देते भाऊ आता? इकतच घेऊन जाय," असे दुकानदार म्हणाला. त्याने हजार सांगितले, मी आठशे म्हणालो, आणि क्लचप्लेटसाठी आणलेल्या पैशांतून नऊशे रुपये देऊन मी घराकडे निघालो. दारात सायकल पाहून घरातून पहिला प्रश्न आला तो असा: "गाडी दुरुस्त कराले गेले होते न तुम्ही?"

त्या संध्याकाळी मी त्या सायकलकडून एवढीच अपेक्षा ठेवली होती की तिने मला अकरा किलोमीटर न्यावे. मी ठरवून सायकल घ्यायला गेलो असतो, तर रंग, घंटी, दोन्ही मडगार्डे, अखंड चेनकव्हर आणि बऱ्यापैकी सीट एवढे तरी नक्कीच मागितले असते, आणि यांपैकी काहीच धड नसलेली ही सायकल पहिल्या नजरेतच नाकारली असती. माझ्याजवळ यादी नव्हती म्हणून ती माझ्याकडे आली. आजही ती तितकीच काळी आहे, घंटी आजही नाही, आणि मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, हिशेब लिहायला रोज तिच्यावरच जातो.

हे नशिबाने झाले असे मी बरीच वर्षे समजत होतो. आता तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगण्यासाठी हे लिहितो आहे. जुनी सायकल घेताना आपण लोखंड कमी आणि आधीच्या मालकाची अक्कल जास्त विकत घेतो, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या आठवड्यात मला त्या सायकलचे फक्त दोष दिसले. पुढचे मडगार्ड काढून टाकलेले होते; मागचे होते, पण चाकापासून चांगले दोन बोटे वर उचलून तारेने बांधलेले. चेनकव्हर खालून कापलेले. मूळचे कॅरिअर काढून त्या जागी सळईचे घडवलेले कॅरिअर वेल्डिंग करून बसवलेले, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हुकासारखे आकडे. हँडलखाली नगरपालिकेच्या सायकल कराचा एक पितळी बिल्ला तारेने बांधलेला होता. त्यावरचे अंक इतके झिजले होते की साल वाचता येत नव्हते. ही सायकल आर्वीकडच्या एका दूधवाल्याची होती आणि मुलाने मोटारसायकल घेतल्यावर त्याने ती विकली, एवढे मला दुकानदाराकडून नंतर कळले. कॅरिअरचे आकडे दुधाच्या कॅनसाठी होते, हे त्यावरून उलगडले. बाकीच्या गोष्टी उलगडायला पावसाळा यावा लागला.

ज्यांनी आमची काळी माती ओली पाहिलेली नाही, त्यांना हे पटणे कठीण आहे. ही माती पाण्याने फुगते, चाकाला चिकटते, आणि मग मातीला माती चिकटत जाते. पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने, पन्नास पावले गेले की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये गाऱ्याचा गच्च थर बसतो, चाक फिरायचे थांबते आणि माणसाने सायकलवर बसण्याऐवजी सायकल माणसाच्या खांद्यावर बसते. लहानपणी वडिलांना अशी सायकल खांद्यावर घेऊन शेतांच्या धुऱ्याधुऱ्याने येताना मी कितीदा पाहिले आहे. या अ‍ॅटलसच्या पुढच्या चाकात मात्र माती अडकायला जागाच नव्हती, आणि मागच्या चाकाची माती उंच मडगार्डखालून एखाद्या काडीने सहज पाडता येत होती. चेनकव्हर खालून उघडे असल्यामुळे त्यातही गारा साचत नव्हता. ज्याला मी मोडतोड समजत होतो, ती त्या दूधवाल्याने अनेक पावसाळे सोसून केलेली दुरुस्ती होती. अंगावर चिखल उडतो हे खरे. पण त्याने बहुधा कपड्यांपेक्षा दुधाची वेळ महत्त्वाची मानली असावी.

दुकानातील नवी सायकल अशी नसते आणि तशी असण्याची अपेक्षाही करता येत नाही. ती कोठेही विकली जावी म्हणून केलेली असते. ती आपल्या वाटेला साजेशी करण्याचे काम पहिल्या मालकावर पडते, त्यात काही वर्षे जातात आणि काही पैसे वाया जातात. जवळपासच्या गावात वापरलेली जुनी सायकल घेतली की ते काम आधीच झालेले असते. म्हणून जुनी सायकल घ्यायची तर आपल्याच मातीतली घ्यावी, असे मी म्हणतो. डांबरी रस्त्यावर आयुष्य काढलेली शहरातील चकचकीत सायकल आमच्या पांदणीवर नव्या सायकलइतकीच अडाणी ठरते.

दुसरे कारण सुट्या भागांचे आहे. आपल्याकडच्या या उंच काळ्या सायकली, त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, मूळ एकाच इंग्रजी नमुन्यावरून आलेल्या आहेत: 28 इंची चाके, दीड इंची टायर, पुढच्या चाकात 32 तारा आणि ओझे मागे असते म्हणून मागच्यात 40, सळयांचे ब्रेक, आणि पायडलचा दांडा धुऱ्यावर घट्ट बसवणारी कॉटर. अ‍ॅटलस 1951 मध्ये हरियाणातील सोनीपतला सुरू झाली, हीरो 1956 मध्ये लुधियानाला. पण एकीचा भाग दुसरीला बहुतेक वेळा बिनबोभाट बसतो. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद झाला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता, आणि ही बातमी वाचून मी अंगणात जाऊन हँडलखालच्या पट्टीवरील कंपनीच्या चिन्हातल्या, पृथ्वी उचललेल्या माणसाकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो होतो. तरीही गेल्या वर्षी मला फ्रीव्हील (मागच्या चाकाचे दातेरी चक्र) हवे होते तेव्हा ते दहा मिनिटांत मिळाले. कारखाना बंद पडला तरी सायकल चालू राहते, हे साध्या आणि सारख्या भागांचे देणे आहे.

दोष आहेतच, ते लपवण्यात अर्थ नाही. पावसात लोखंडी रिम ओली झाली की सळयांचा ब्रेक जवळजवळ नावापुरता उरतो आणि उतारावर पाय जमिनीला घासावे लागतात. कॉटर ढिली झाली की दर फेऱ्याला कट्‌ असा आवाज येतो. वजनाबद्दल तर बोलायलाच नको.

मोटारसायकल चौथ्या दिवशी दुरुस्त होऊन आली, तरी मी सायकल का सोडली नाही, हेही सांगायला हवे. आमचे जिनिंग देवळीच्या बाजूला, घरापासून सात किलोमीटरवर आहे. हंगामात फाटकाबाहेर कापसाचे ट्रॅक्टर आणि बैलबंड्या अशा काही लागलेल्या असतात की मोटारसायकल लांब ठेवून चालत यावे लागते; सायकल मात्र बैलांच्या शिंगांपासून जपत थेट वजनकाट्यापर्यंत नेता येते. एवढ्या लहान सोयीने मला बांधून ठेवले. पेशा हिशेबाचा असल्यामुळे मी चेनच्या चक्रांचे दातेही मोजून ठेवले आहेत: पुढे 48, मागे 18, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सहा मीटर पुढे सरकते, आणि घरापासून जिनिंगपर्यंत मी साधारण पावणेबाराशे वेळा पाय फिरवतो, अर्थात कोठेही न थांबता आणि उतारावर पाय स्थिर न ठेवता. जिनिंगच्या आवारात एक वेगळाच त्रास असतो. हवेत उडणारी रुई तेलकट चेनवर बसते, तेलात भिजून तिची वात होते आणि ती फ्रीव्हीलमध्ये गुंडाळली जाते. म्हणून हंगामात मी चेनला तेल जवळजवळ देत नाही, आणि दर रविवारी केरोसीनच्या फडक्याने ती पुसून घेतो. हे मला कोणी शिकवले नाही. दूधवाल्याच्या अकलेत मी घातलेली ही माझी भर, असे म्हणता येईल.

आमच्या घरात ठरवून घेतलेली सायकलही आहे. मुलगा अकरावीला गेला तेव्हा, 2019 मध्ये, आम्ही तीन दुकाने फिरलो, मोबाइलवर कित्येक व्हिडिओ पाहिले आणि 21 गिअरची एक सुंदर निळी सायकल घेतली. डांबरी रस्त्यावर ती माझ्या अ‍ॅटलसला लाजवते, हे मी मान्य करतो. पण दुसऱ्याच पावसाळ्यात गाऱ्यात अडकलेली पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडाची, एक काडी मागच्या गिअरमध्ये गेली, गिअर ज्यावर लटकतो तो अ‍ॅल्युमिनिअमचा तुकडा वाकला, आणि तोच तुकडा शोधण्यात दोन महिने गेले. सापडला तो किंचित वेगळ्या आकाराचा. ती सायकल आता गोठ्यात आढ्याला टांगलेली आहे. सायकल वाईट नव्हती. आम्ही तिच्याविषयी सगळे वाचले होते, फक्त आपली पांदण हिशेबात धरली नव्हती.

येथवर वाचून कोणी जुन्या बाजारात धावू नये, म्हणून माझी फजितीही सांगतो. अ‍ॅटलसच्या यशाने मी स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. पुतणीसाठी एक जुनी लेडीज सायकल घ्यायचे ठरवले, दोन महिने शोधली आणि 1,400 रुपयांना एक लालभडक, नवा रंग दिलेली सायकल आणली. ती डावीकडे ओढत होती. फ्रेम उघडून पाहिली तेव्हा रंगाखाली, पुढच्या नळीच्या जोडाजवळ, पितळ भरून झाकलेली चीर निघाली; कधीतरी समोरून जोरात धडक बसलेली होती. मुलीला त्यावर पाठवणे शक्यच नव्हते. शेवटी ती भंगारात गेली आणि पुतणीला पुढे मानव विकास कार्यक्रमातून शाळेत नवी सायकल मिळाली. गंमत अशी की या वेळी मी घंटी वाजवून पाहिली होती, सीट दाबून पाहिली होती, दिव्याची जागाही तपासली होती. सायकलच्या मागे बसून दोन्ही चाके एका रेषेत दिसतात की नाही, हे तेवढे पाहिले नव्हते. अ‍ॅटलसच्या वेळी अकरा किलोमीटरच्या काळजीने मी काय केले होते, ते नंतर आठवले: पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवले होते, पायडलचा दांडा बाजूला ओढून धुरा हलतो का ते पाहिले होते, आणि हात सैल सोडून पन्नास पावले चालवून ती सरळ जाते का हे पाहिले होते. गरज होती तेव्हा नजर हाडांकडे गेली, आणि हौस होती तेव्हा कातडीकडे. जुन्या सायकलचा ताजा रंग मला तेव्हापासून शंकास्पद वाटतो. गंजलेली सायकल निदान काही लपवत नाही.

म्हणून न ठरवता केलेली खरेदी चांगली असते, असे सरसकट म्हणायला मी तयार नाही. तिच्यात मागण्या कमी असतात आणि त्यामुळे समोरची वस्तू जशी आहे तशी दिसण्याची शक्यता थोडी वाढते, इतकेच. जवळची वाटू लागणे ही पुढची गोष्ट आहे आणि ती हातांनी होते. या सायकलची चाके, छर्रे, कॉटर, ब्रेकची रबरे मी स्वतः बदलली आहेत. आमच्याकडे ज्याला सगळे ओव्हरऑईल म्हणतात, ते दर दिवाळीला अंगणात चटई टाकून मीच करतो. (मूळ शब्द ओव्हरहॉल आहे हे मला ठाऊक आहे, पण तेल देणे हाच त्यातला मुख्य विधी असल्यामुळे आमचा शब्द मला अधिक बरोबर वाटतो.) खर्चही वहीत आहे: टायरच्या तीन जोड्या, दोन फ्रीव्हील आणि एक सीट धरून आजवर 8,350 रुपये, म्हणजे सायकलच्या किमतीच्या नऊपटींहून जास्त. हे आकडे मी घरी दाखवलेले नाहीत.

सध्या मागच्या रिमला एका तारेच्या भोकाजवळ बारीक तडा गेला आहे, चाकात आउट आला आहे, म्हणजे ते डगमगत फिरते, आणि ते मडगार्डच्या तारेला घासू लागले आहे. 40 भोकांची रिम पुलगावला त्याच टपरीत सांगून ठेवली आहे; आता ती टपरी मुलगा चालवतो. रविवारी मी ती आणायला जाणार आहे. घरून रिमचे पैसे मिळाले आहेत, मोजून, आणि जाण्या-येण्याच्या एसटीचे वेगळे.