सकाळी दहाला जायचं कुठे?

२०२५ च्या जूनमध्ये बच्चू कडू गुरुकुंज मोझरीला उपोषणाला बसले. दिव्यांगांना दरमहा ६,००० रुपये मानधन मिळावं, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार योजनेतल्या दिव्यांगांचं अनुदान १,५०० वरून २,५०० वर नेलं. बोगस प्रमाणपत्रांची ओरड तर त्याआधीपासूनच चालू होती. इथे कॅलिफोर्नियात मी या बातम्या वाचते आणि डोंबिवलीच्या मैत्रिणीशी फोनवर त्यावर तावातावाने बोलते. पैसे वाढायलाच हवेत. महागाई पाहता ६,००० सुद्धा जास्त नाहीत. पण पंचविशीतला बौद्धिक दिव्यांग मुलगा सकाळी अंघोळ-नाश्ता उरकून तयार झाला की त्याने जायचं कुठे, हे या चर्चेत कोणी विचारताना दिसत नाही.

मैत्रिणीच्या मुलाला आणि माझ्या मुलीला, दोघांनाही डाऊन सिंड्रोम आहे. वयंही जवळपास सारखीच. अठराव्या वर्षापर्यंत त्याची विशेष शाळा होती. शाळेची बस, डबा, बाई, स्नेहसंमेलन, सगळं होतं. मग कार्यशाळा. तिथे तो पणत्या रंगवायचा, राख्या करायचा, फायली चिकटवायचा, आणि मनापासून करायचा. पण कार्यशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस नाही, जाता-येता रिक्षा बदलायची. वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ने-आण थांबली ती थांबलीच. आता दिवसभर टीव्ही आणि गॅलरी. ‘दिवाळीच्या आधी पणत्या घ्यायला सगळे येतात गं, एरवी कोण येतं?’ असं ती म्हणाली, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

माझ्या मुलीला इथल्या नियमाप्रमाणे बावीस वर्षांची होईपर्यंत शाळा होती. आता ती दिवसभराच्या कार्यक्रमाला जाते. सकाळी व्हॅन येते. तिघा जणांमागे एक प्रशिक्षक. मंगळवारी ते सार्वजनिक वाचनालयात परत आलेली पुस्तकं क्रमांकाने लावतात, मग दुपारच्या जेवणाचं सामान आणायला दुकानात जातात. एकदा मी मागून पाहत होते. गल्ल्यापाशी ती एकेक नोट मोजून ठेवत होती, चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. रांगेत चार माणसं उभी होती. प्रशिक्षक दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून. मी पुढे सरकले तर त्याने नजरेनेच थांबवलं. तिने सुट्टे पैसे घेतले, पावती घडी करून पर्समध्ये ठेवली आणि मगच वळली.

हे कोणाच्या दयेवर चालत नाही. १९६९ च्या लँटरमन कायद्याने या सेवा कॅलिफोर्नियात हक्काच्या केल्या. या सेवांची व्यवस्था पाहणारी २१ प्रादेशिक केंद्रं राज्यभर आहेत, प्रत्येक व्यक्तीची लेखी योजना असते, आणि योजनेत लिहिलेलं द्यावं लागतं. अमेरिकेतल्या इतर अनेक राज्यांत अशाच सेवांसाठी माणसं वर्षानुवर्षं यादीत ताटकळतात. हा कायदा आला तो पालकांच्या रेट्यामुळे. त्याआधी अशा मुलांना गावाबाहेरच्या मोठ्या सरकारी संस्थांमध्ये टाकण्याची रीत होती. सॅन होजेजवळची अ‍ॅग्न्यूज ही त्यातली एक. ती २००९ मध्ये पूर्ण बंद झाली आणि माणसं वस्तीतल्या लहान घरांमध्ये राहायला गेली. तिच्या जुन्या, सांता क्लाराच्या आवारात आधीच संगणक कंपनी आली होती. तिथल्या हिरवळीवरून चालणाऱ्या आपल्या मराठी मुलांपैकी किती जणांना हा इतिहास ठाऊक असेल?

तरीही इथलं सगळं उचलून तिकडे न्यावं असं मी म्हणणार नाही. माझ्या मुलीच्या आयुष्यातली जवळजवळ सगळी माणसं पगारी आहेत. पगारही तुटपुंजा, म्हणून ती टिकत नाहीत. जीव लावलेला प्रशिक्षक एखाद्या गोदामात चांगली नोकरी मिळाली की जातो, आणि ती कितीतरी दिवस त्याचं नाव घेत राहते. शेजारी सज्जन आहेत, हात हलवतात, पण तिचं नाव त्यांना माहीत नाही. शिवाय या सेवांमागे मेडिकेड या गरीब आणि दिव्यांगांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून येणारा अमेरिकी केंद्र सरकारचा मोठा पैसा आहे, आणि २०२५ च्या कायद्याने मेडिकेडलाच कात्री लावली. पालकांच्या बैठकांत आता दुसरा विषय नसतो.

मैत्रिणीच्या मुलाला मात्र अख्खी सोसायटी ओळखते. वाणी त्याच्या हाती दूध देतो आणि वहीत मांडतो. गणपतीत आरतीला झांज त्याचीच, प्रसादाची परातही त्याच्याच हातात. ही ओळख कुठल्याही कायद्याने मिळत नाही, माझ्या मुलीला ती मिळालेली नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. पण गणपती दहा दिवसांचे. उरलेल्या वर्षाचं काय?

आपल्याकडे पालक गप्प बसलेले नाहीत. ‘आमच्यानंतर कोण?’ या एकाच काळजीतून डोंबिवलीजवळ खोणीला ‘घरकुल’ उभं राहिलं, बदलापूरला ‘आधार’. त्या माणसांपुढे मी हात जोडते. पण ही निवासी घरं आहेत, गावापासून दूर आहेत, आणि प्रत्येकाला तिथे जागा मिळणं शक्य नाही, प्रत्येकाने तिथे जावं असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलम समाजात राहण्याचा हक्क देतं. समाजात राहायचं म्हणजे नुसतं घरात बसायचं का? घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, रोज उघडं असणारं एखादं ठिकाण हवं.

त्यासाठी पैसा नाही हे मला पटत नाही. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. तो बऱ्याच ठिकाणी मार्चअखेर घाईघाईने वाटला जातो: तीनचाकी सायकली, धनादेश, हारतुरे, फोटो. ज्याला सायकल लागते त्याला ती मिळालीच पाहिजे. पण माझ्या मैत्रिणीच्या मुलाचे पाय धड आहेत, त्याला सायकलचा काय उपयोग?

तिने आणि आणखी काही पालकांनी मिळून प्रभाग कार्यालयात अर्ज दिला आहे. पट घसरल्यामुळे रिकामी पडलेली पालिका शाळेची एक खोली, सोमवार ते शुक्रवार, दहा ते चार. एक प्रशिक्षित शिक्षिका, दोन मदतनीस, आणि आठवड्यातून दोनदा बाहेर जाणं: भाजी मंडई, वाचनालय, बँक. भाजी मंडई मी सुचवली. निवासी घर नको, मोठी इमारत नको. पोच मिळाली आहे, उत्तर यायचं आहे. आता पालिकेच्या अंदाजपत्रकाच्या बैठका सुरू होण्याआधी त्यांना नगरसेवकाला गाठायचं आहे, आणि मुलांना सोबत घेऊनच जायचं असं ठरलं आहे.