चक्क्यात लसूण

पाडवा परवावर आला होता आणि आमच्या सिंकच्या नळाला चक्का टांगलेला होता. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मराठी घरात पुढचं कोणी काही विचारत नाही. आईने वेलदोडे सोलायला घेतले. शेजारच्या काकूंनी जिन्यातच गाठून "यंदा घरीच का श्रीखंड?" एवढं विचारून घेतलं. अण्णा पाणी प्यायच्या निमित्ताने तीनदा स्वयंपाकघरात आले आणि तिन्ही वेळा त्या पुरचुंडीकडे बघून गेले. अण्णांना शुगर आहे. त्यांच्या वाट्याला सणाला एक चमचा श्रीखंड येतं, तेही आईच्या देखत.

चक्का मी टांगला होता. आणि तो श्रीखंडासाठी नव्हता.

त्याचं झालं असं, लेक सुट्टीला पुण्याहून आली म्हणून सोमवारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात जेवायला गेलो. तिने सॅलड मागवलं. भलं मोठं ताट, त्यात पाला, आणि पाल्यावर दाटसर पांढरं काहीतरी. ते संपल्यावर तिने ते पांढरं आणखी मागवलं. आलं ते देवापुढे हळदकुंकू ठेवतात तेवढ्या वाटीत. बिलात त्याचे वेगळे 80 रुपये.

"हे काय आहे नक्की?" मी विचारलं.

"रँच ड्रेसिंग, बाबा."

बोट बुडवून चाखलं. लसूण, आंबटपणा, काहीतरी हिरवं; पण मूळ अंग कसलं, ते जिभेच्या आधी माझ्या धंद्याने ओळखलं. तेल आणि पाणी, एकमेकांत पक्कं मिसळलेलं. मी सातपूरला मशीन शॉपमध्ये आहे. धातू कापताना गार ठेवायला आमच्या संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या टाकीत जे दुधासारखं पांढरं कूलंट फिरत असतं, ते दुसरं काय असतं? शंभर लिटर पाण्याला पाच-सात लिटर तेल. नव्या ट्रेनी पोरांना दरवर्षी पहिल्या दिवशी मीच शिकवतो: आधी पाणी, मग तेल, आणि ढवळत ढवळत. उलटं केलंत की टाकीत गुठळ्या. सव्वीस वर्षं मी तेल आणि पाण्याचा संसार लावून देतोय आणि हा हॉटेलवाला एका वाटीचे 80 रुपये घेतो!

"घरी करू," मी म्हणालो. या दोन शब्दांनी आमच्या घराचं आजवर बरंच नुकसान केलेलं आहे, त्यामुळे ही फक्त खिडकीबाहेर बघू लागली.

रात्री माहिती काढली तर हुरूप आणखी वाढला. हे रँच ड्रेसिंग स्टीव्ह हेन्सन नावाच्या माणसाने काढलं. मूळचा प्लंबिंगची कामं घेणारा. अलास्कात कामावरच्या माणसांना रांधून घालता घालता त्याने हे जमवलं आणि 1954 साली कॅलिफोर्नियात हिडन व्हॅली रँच घेऊन तिथल्या पाहुण्यांना वाढायला सुरुवात केली. कृती काय, तर ताक, मेयॉनीज, लसूण आणि डिल नावाचा पाला. प्लंबरला जमलं ते फिटरला जमणार नाही? ताक पातळ होईल म्हणून मी स्वतःच्या अकलेने चक्का ठरवला. अक्कल इथेच थांबली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी रजा टाकली आणि सकाळीच गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठी, बाजाराला गेलो. भाजीवाल्या मावशींना विचारलं, "डिल आहे का?"

"डील-बिल काही नाही दादा, एकच भाव."

मोबाइलवर फोटो दाखवला. मावशींनी फोटो लांब धरून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "अहो, शेपू हा! दहाला जुडी."

शेपू. ज्या भाजीच्या नुसत्या वासाने आमची लेक लहानपणी शेजारी जेवायला पळायची, तीच भाजी ती 80 रुपये वाटीने चाटूनपुसून खात होती. हे तिला लगेच सांगायचं नाही, असं मी पुलावरून येताना ठरवलं.

मेयॉनीजचा खरा आधार अंड्याचा बलक. त्यात लेसिथिन असतं, ते एका हाताने तेल आणि दुसऱ्या हाताने पाणी धरून ठेवतं. पण आमच्या घरात अंडं गॅलरीपर्यंतच येतं. तिथे त्याची वेगळी कढई आणि वेगळा स्टोव्ह आहे. पाडव्याच्या आदल्या दिवशी तर त्याचं नाव काढणंही अवघड. तेव्हा दुसरा मार्ग, दूध. दुधातलं प्रथिनही तेलाचे थेंब धरून ठेवतं. एक भाग दूध, दोन भाग तेल.

पहिल्या खेपेला मी दुधात आधीच लिंबू पिळलं. दूध फाटलं. ही म्हणाली, "पनीर छान झालंय."

दुसऱ्या खेपेला लिंबू मागे ठेवलं, पण तेल घेतलं लाकडी घाण्याचं शेंगदाण्याचं आणि भांडं घेतलं मिक्सरचं मोठं. पाती खाली गरागरा फिरत होती आणि दूध-तेल वर एकमेकांना चुकवत होतं. झाकण काढलं तर तळाला पाणचट दूध, वर पिवळं तेल, आणि घरभर दाणे भाजल्याचा वास. आई आतून म्हणाली, "चिवडा करताय का रे?"

मला कळेना. कंपनीत हजार लिटरची टाकी मी डोळे मिटून लावतो. मग लक्षात आलं, कूलंटच्या तेलात मिसळून राहण्याचा मसाला कंपनी आधीच घालून देते. माझी सव्वीस वर्षांची कर्तबगारी त्या ड्रममध्ये भरूनच येत होती. हे मी अजून कंपनीत कोणाला सांगितलेलं नाही.

"किती तेल घालताय?" हिने विचारलं.

"दोनशे मिली."

"अहो, यात माझ्या आठवड्याच्या भाज्या फोडणीला पडल्या असत्या. आणि हे ती वजन कमी करायला खाणार?"

एका ग्रॅम तेलाला 9 कॅलरी. मी गुणाकार केला आणि तोही लेकीला सांगायचा नाही असं ठरवलं.

तोवर ही उठली. मोहरी पाहिजे ना, असं म्हणून तिने दगडी खल ओढला, चमचाभर मोहरी घातली आणि फेसायला बसली. पाण्याचे दोन थेंब, बत्त्याचे दहा-बारा फेरे, पुन्हा दोन थेंब. मोहरी आधी करकरली, मग चिकटली, मग हळूहळू फुलून फिकट पिवळी, हलकी झाली आणि एकदम नाकात चढली. आम्ही दोघंही डोळे पुसत होतो. रायत्यासाठी ती हे कित्येक वर्षं करते आहे आणि कुठल्याही ट्रेनीला शिकवायला गेलेली नाही.

तिसऱ्या खेपेला साधं सूर्यफुलाचं तेल, उंच अरुंद भांडं, लेकीचा हँड ब्लेंडर. "तळाला टेकवून ठेवा, हलवू नका," लेक म्हणाली. बटण दाबलं. तळातून एक पांढरा ढग वर चढायला लागला. सावकाश, खायच्या पानावर चुना पसरावा तसा. मग आवाज बदलला, घरघर जड झाली आणि भांड्यातलं सगळं एकदम घट्ट होऊन बसलं. मी ब्लेंडर उचलला तर भांडंही बरोबर उचललं गेलं. लिंबू आता पिळलं, मोहरी घातली, शेपू चिरून घातला. राहिला चक्का आणि लसूण.

आई दारातच उभी होती. हातात वेलदोड्याच्या पुडीची वाटी.

"लसूण कशात घालतोयस?"

मी उत्तर दिलं नाही. चक्का आधीच भांड्यात पडला होता आणि माझ्या हातात ठेचलेल्या सहा पाकळ्या होत्या. आईने वाटी ओट्यावर ठेवली, "चक्क्यात लसूण," असं एकदाच, कोणाला उद्देशून नाही असं म्हटलं आणि देवघरात गेली. अर्ध्या तासाने निरोप आला: श्रीखंडाचा चक्का विकत आणायचा, आणि ज्याने नासवला त्यानेच आणायचा.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी डेअरीपुढची रांग ज्याने पाहिली असेल त्याला जास्त सांगायला नको. आमच्या गावात दह्याच्या नावाने पूल आहे. त्या संध्याकाळी सबंध दहीपूल माझ्या पुढे उभा असावा असं वाटलं. मी किलोभर चक्का घेऊन साडेआठला घरी आलो.

ड्रेसिंग मात्र झकास झालं होतं. लेकीने काकडी बुडवून खाल्ली, डोळे मिटले आणि म्हणाली, "सेम!" मग मी शेपूचं सांगितलं. तिने काकडी खाली ठेवली, मिनिटभर विचार केला आणि पुन्हा उचलली.

उरलेलं ठेवायला झाकणाचा डबा मिळेना. मराठी घरात अशा वेळी जे होतं तेच झालं. मागच्या दसऱ्याचा रिकामा श्रीखंडाचा डबा हाताशी आला, त्यात भरलं आणि फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. डब्यावर केशराच्या काड्यांचं सुंदर चित्र होतं.

रात्री दोनच्या सुमारास स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. मग नळ सुटला, जोरात, आणि चुळा भरल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. कोणी ओरडलं नाही, कोणी कोणाला उठवलं नाही. तक्रार करायची तर आधी गुन्हा कबूल करावा लागला असता.

सकाळी गुढी उभारली. मी डबा उघडून पाहिला. मधोमध चमच्याचा खड्डा, चांगला खोल. मी चमच्याने वरून सारखं केलं आणि झाकण लावलं.

कडुनिंबाची चटणी अण्णांनी त्या दिवशी कधी नव्हे ती न कुरकुरता खाल्ली. जेवायला बसल्यावर आईने त्यांच्या वाटीत ठरलेलं एक चमचा श्रीखंड वाढलं. अण्णांनी वाटी उचलली आणि आधी हळूच नाकाशी नेली.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुरी फोडायला घेतली.