‘चार महिने टोचा, मग विसरा’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘वजनाचं इंजेक्शन चार महिने घ्या, हवं तेवढं उतरलं की बंद करा. तोवर जठर आकसलेलं असतं, शरीराला नव्या वजनाची सवय झालेली असते. पुढे रोज दहा हजार पावलं आणि मेथीचं पाणी पुरतं. वजनकाट्यावर सारखं चढू नका, टेन्शन वाढतं. तरी वजन वाढलं तर दोष तुमच्या जिभेचा; इंजेक्शनचं उरलेलं पेन पुन्हा चालू करा.’ यात एखाददुसरी गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून तो लोकांना पटतो. एकेक मुद्दा घेऊ.

‘जठर आकसतं, म्हणून भूक कमीच राहते.’

जठर आकसत नाही. सेमाग्लुटाइड (वेगोव्ही, ओझेम्पिक) आणि टिर्झेपाटाइड (मौन्जारो) ही औषधं आतड्यातल्या संप्रेरकांची नक्कल करतात. मेंदूतली भूक-तृप्तीची केंद्रं त्यांना प्रतिसाद देतात आणि जठर रिकामं व्हायचा वेगही, विशेषतः सुरुवातीच्या काळात, मंदावतो. औषध अंगात आहे तोवरच हे चालतं. सेमाग्लुटाइडचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, टिर्झेपाटाइडला पाच दिवस. त्यामुळे शेवटच्या डोसनंतरही सेमाग्लुटाइड पाच-सहा आठवडे थोडंथोडं उरतं. फसगत होते ती इथेच. पहिले पंधरा-वीस दिवस भूक बेताचीच राहते आणि माणूस उत्साहाने ग्रुपवर लिहितो, ‘बघा, बंद केलं, काहीच झालं नाही!’ दुसऱ्या महिन्यात त्याला कुणी विचारत नाही.

‘शरीराला नव्या वजनाची सवय होते.’

नेमकं उलटं होतं. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 50 लोकांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला होता. वजन उतरल्यावर भूक वाढवणारं घ्रेलिन चढलं आणि तृप्तीचा निरोप देणारं लेप्टिन घसरलं. वर्षभरानंतरही ही ओढाताण मिटलेली नव्हती. इंजेक्शन चालू असताना ती दबलेली असते, एवढंच.

औषध थांबवल्यावर काय होतं याचे आकडेही आहेत. सेमाग्लुटाइडच्या स्टेप 1 या चाचणीतल्या ज्या लोकांना औषध बंद झाल्यावर वर्षभर तपासलं, त्यांचं वजन आधी सरासरी 17.3 टक्के उतरलं होतं. वर्षभरात मूळ वजनाच्या 11.6 टक्के परत आलं. किलोमध्ये सांगायचं तर 90 किलोचा माणूस साडेचौऱ्याहत्तरवर आला आणि पुन्हा 85 च्या घरात गेला. सोबत रक्तदाब, साखर वगैरेंतली सुधारणाही बरीचशी मागे फिरली. टिर्झेपाटाइडच्या सरमाउंट-4 या चाचणीत 36 आठवड्यांत 20.9 टक्के वजन उतरल्यावर निम्म्या लोकांना नकळत नुसतं औषधविरहित इंजेक्शन दिलं गेलं. वर्षभरात त्यांचं वजन 14 टक्क्यांनी वाढलं. औषध चालू असलेल्यांचं आणखी 5.5 टक्क्यांनी उतरलं.

मात्र ही सरासरी आहे. त्याच चाचणीत औषध थांबलेल्यांपैकी 16.6 टक्के, म्हणजे सहातल्या एकाने, उतरवलेल्या वजनातलं किमान 80 टक्के टिकवून धरलं. वजन टिकवणं अशक्य नाही. फुकटात होत नाही, एवढंच.

‘वाढलं तर दोष जिभेचा.’

वरचे आकडे वाचूनही कुणाला हे म्हणावंसं वाटत असेल, तर त्याला चार दिवस उपाशी ठेवून सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) रात्री अकरा वाजता गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, कढईसमोर उभं करावं. या मुद्द्यावर याहून जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

‘दहा हजार पावलं पुरतात.’

चालणं हवंच. वजन टिकवायचं तर आठवड्याला 200 ते 300 मिनिटं, म्हणजे रोज सुमारे 30 ते 43 मिनिटं भरभर चाला. पण नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत आणि खरी गळती तिथेच असते. इंजेक्शनने उतरलेल्या वजनात चरबीबरोबर चरबीविरहित भागही जातो. तो साधारण पाव ते एक तृतीयांश असतो, काही मोजण्यांत 40 टक्क्यांच्या आसपासही गेलाय. वजन परत येतं तेव्हा मात्र मुख्यतः चरबीच येते. म्हणून वजन उचलण्याचा व्यायाम इंजेक्शन बंद करण्याच्या किमान दोन-तीन महिने आधी सुरू व्हायला हवा.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. जिम नको असेल तर घरीही होतो: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, ओट्याला हात टेकून दंड, दारात अडकवलेला रबरी पट्टा छातीकडे ओढणं, पाच लिटरचे पाण्याचे दोन कॅन उचलून चालणं, टाचा उचलणं. प्रत्येकाचे 8 ते 12 वेळा असे दोन-तीन फेरे. शेवटच्या दोन वेळा दमछाक झाली नाही तर भार कमी पडतोय. कॅनच्या जागी भरलेली बादली घ्या. महिनोन्‌महिने तेच वजन, तेवढेच फेरे, ही चूक सर्रास होते. गुडघे किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

फॉरवर्डमध्ये प्रथिनांबद्दल अवाक्षर नाही. वजनाच्या दर किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम धरा, 70 किलोला 70 ते 84 ग्रॅम. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब लागू नाही.) आता आपलं ताट बघा. सकाळच्या पोह्यांच्या प्लेटमध्ये कोरडे पोहे साठ ग्रॅम, प्रथिनं जेमतेम चार. वर भुरभुरलेल्या वीस ग्रॅम शेवेतून शंभरावर उष्मांक येतात, प्रथिनं दोन-तीन ग्रॅम. दोन्ही वेळच्या मिळून चार पोळ्यांचे चौदा, वाटीभर वरणाचे सहा, दही-दूध मिळून दहा, भात-भाजीचे चार-पाच. बेरीज चाळिशीच्या आसपास अडकते. किमान तीस ग्रॅमची तूट भरायला शंभर ग्रॅम पनीर (18) आणि तीस ग्रॅम कोरडे सोया चंक्स (15) लागतात. किंवा सकाळी पोह्यांऐवजी पन्नास ग्रॅम मुगाचे धिरडे (12) आणि दोन अंडी (12), म्हणजे आणखी दहा-बारा ग्रॅमच जमवायचे राहतात. पोहे-जलेबी सोडा असं इंदुरात सांगून कुणी ऐकणारही नाही. रविवारी खा, जलेबी एक, शेव चमचाभर, आणि पोह्यांआधी वाटीभर उसळ. दाल-बाफल्यांच्या दिवशी बाफला (उकडून भाजलेला कणकेचा गोळा) तुपात बुडवून न घेता वरून चमच्याने तूप घ्या, डाळ दोन वाट्या.

‘मेथीचं पाणी पुरतं.’

नाही. मेथीत तंतू असतात, पोट जरा भरल्यासारखं वाटतं. आठवड्याच्या इंजेक्शनची जागा ते घेत नाही. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी इंजेक्शन किंवा गोळ्या मनाने बंद करून मेथीवर तर मुळीच भिस्त ठेवू नये. साखर कधी वाढली ते कळतही नाही.

‘काट्यावर चढू नका.’

सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. अमेरिकेतल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॉप रिगेन अभ्यासात वजन उतरवलेल्या लोकांना रंगांची पट्टी दिली होती: सुमारे 1.4 किलोच्या आत वाढ हिरवी, त्यापुढे पिवळी, सव्वादोन किलोला लाल. प्रत्यक्ष भेटीत मार्गदर्शन मिळालेल्यांत रोज वजन करणाऱ्यांचं वजन कमी परत आलं. घरी हेच करा: सकाळी शौचानंतर, चहाआधी, तोच काटा, फरशीवर, गालिच्यावर नाही. बंद केल्यावर किलोभर पटकन वाढलं तर घाबरू नका. खाणं वाढतं, त्यासोबत पाणी आणि मीठही. पण आठवड्याची सरासरी दोन किलोने चढली की त्याच आठवड्यात तळलेलं, गोड आणि रात्रीचं दुसऱ्यांदा जेवणं थांबवा. तरी उतरलं नाही तर डॉक्टरांकडे जा. पाच-सात किलो वाढेपर्यंत थांबलात तर काम दुप्पट होतं.

‘उरलेलं पेन पुन्हा चालू करा.’

हे धोक्याचं आहे. काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशीलता गेलेली असते. पूर्वीचा मोठा डोस थेट टोचला तर उलट्या, जुलाब आणि पाणी कमी होऊन मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. सेमाग्लुटाइड मुळात 0.25 मिलिग्रॅमवर चार आठवडे, मग टप्प्याटप्प्याने 2.4 पर्यंत नेतात, टिर्झेपाटाइड 2.5 वर सुरू होतं. पुन्हा कुठल्या पायरीवरून चढायचं ते डॉक्टर ठरवतात. मौन्जारोचं क्विकपेन वापरायला काढल्यावर 30 दिवसांत संपवायचं किंवा टाकून द्यायचं असतं, त्यामुळे फ्रिजच्या दारात महिनोन्‌महिने पडलेलं अर्धं पेन तसंही निकामी. गर्भधारणेचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं, म्हणून पुन्हा सुरू करायच्या आधी डॉक्टरांना तेही सांगा.