माल कुणाचा?

आमच्या बाथरूममधला गार पाण्याचा नळ गणपतीत गळायला लागला. दसऱ्यापर्यंत खाली बादली ठेवून आम्ही त्या गळण्याला ‘पाणी भरून ठेवणे’ असं नाव दिलं. नळ १९८६ सालचा, म्हणजे इमारतीच्याच वयाचा. पितळी, जाडजूड, सोडला की शिट्टी वाजवणारा. माझ्या फोनमध्ये ‘प्लंबर चांगला’, ‘प्लंबर नवा’ आणि ‘प्लंबर नको’ असे तीन नंबर आहेत. त्यातल्या चांगल्याला विचारलं, तर त्याने फोनवरूनच निदान केलं, “असले नळ आता येत नाहीत काका, बदलूनच टाका.”

बदलायचाच, तर मग एकटा गारच का? गरम-गार दोन्ही काढून वॉल मिक्सर बसवू. मिक्सर नवा, तर वरचा गंजका शॉवर तरी कशाला? चिरंजीवांनी मोबाईलवर सेल काढून दाखवला. त्याआधी मी दोन दुकानं हिंडून आलो होतो. तिथे मिक्सर हातात घेऊन, त्याची खुंटी गोल गोल फिरवून, “घरी विचारून सांगतो” म्हणून बाहेर पडलो होतो. दुकानातला भाव आणि मोबाईलवरचा भाव यांत ३,४०० रुपयांचा फरक. पुण्यात सहकारनगरातल्या माणसाला एवढा फरक दिसल्यावर झोप लागत नाही. मिक्सर, आठ इंची चौकोनी रेन शॉवर, जेट स्प्रे आणि दोन अँगल कॉक, असा ऐवज चार दिवसांत दारात आला.

खोकी उघडून मी सगळं डायनिंग टेबलावर मांडलं. दिवाळीचं चांदीचं सामान मांडतात तसं. हिने एक नजर टाकली आणि विचारलं, “छान आहे. बसवणार कोण?”

‘प्लंबर चांगला’ला फोन लावला.

“लगेच येतो की. माल कुणाचा?”

“माझाच. आणून ठेवलाय.”

पलीकडे शांतता. मुलगा काय करतो या प्रश्नावर ‘कविता करतो’ असं उत्तर आल्यावर मुलीच्या वडिलांची होते तशी.

“आम्हाला सांगायचं ना काका. सध्या दोन साइटी चालू आहेत. बघतो.”

‘बघतो’ या मराठी क्रियापदाचा बघण्याशी काहीही संबंध नाही, हे जाणकारांना सांगायला नको.

‘प्लंबर नवा’ मात्र प्रत्यक्ष आला. भिंतीवर टिचक्या मारल्या आणि “हे काम कुणी केलंय?” असं विचारलं. हा प्रश्न प्रत्येक प्लंबर विचारतो. न्हावी आणि दाताचे डॉक्टरही विचारतात. मी बिल्डरचं नाव सांगितलं. त्याने गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये अशी मान हलवली. मग टेबलावरचा मिक्सर उचलून तळहातावर तोलला. “हलका आहे. आमच्याकडचा माल जड येतो.”

मजुरी पंधराशे म्हणाला, पण पुढे पुस्ती जोडली की गळला तर तो जबाबदार नाही. मी वाद घातला. म्हटलं, “अरे, आपण कापड स्वतः घेऊन शिंप्याकडे जातोच की नाही?”

“जातो. पण शिवलेला शर्ट खालच्यांच्या छतातून टपकत नाही ना काका.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. दुकानदार त्याला काही टक्के देतो, हे मला ठाऊक होतं आणि मी मनातल्या मनात तेवढंच धरून बसलो होतो. पण दुसरी बाजूही आहे. त्याच्या दुकानातला नळ बिघडला तर तो तिथे जाऊन आदळआपट करून बदलून आणतो. माझा बिघडला तर तो कुणावर ओरडणार, कुरिअरवाल्या पोरावर? आणि भिंत ओली झाली की लोक नळाच्या कंपनीला शिव्या घालत नाहीत, बसवणाऱ्याला घालतात.

जाता जाता त्याने शॉवरचं खोकं वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, किमान दाब ०.५ बार.

“वर काय आहे?”

“गच्ची. आम्ही चौथ्यावर, शेवटचे.”

“टाकी शॉवरच्या किती वर?”

अडीच मीटर असेल. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे साधारण एक बार दाब, तेव्हा अडीच मीटर म्हणजे पाव बार. हे गणित मी शाळेत केलेलं, त्याने कुठे केलं देव जाणे, पण त्याचं उत्तर माझ्या आधी आलं. “काका, हा शॉवर तळमजल्याचा आहे.” सोमवारी येतो म्हणाला. कुठल्या सोमवारी, ते विचारायचं राहिलं.

मग मोबाईलवरून माणूस बोलावला. गणवेशातला तरुण मुलगा, पायात निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, बोलणं अगदी विमानातल्यासारखं. त्याने टेप काढून भिंतीतल्या दोन तोंडांमधलं अंतर मोजलं. मिक्सरला १५० मिलिमीटर लागतात, म्हणजे सहा इंच. आमच्याकडे साडेसहा भरले. १९८६ साली गरम आणि गार हे दोन स्वतंत्र संसार होते. त्यांना पुढे कुणी एकत्र आणेल असं तेव्हा वाटलं नसणार. “सर, भिंत फोडावी लागेल आणि फोडणं आमच्या सेवेत येत नाही.” त्याने भेटीचे १९९ रुपये घेतले आणि पाच तारे मागितले. मी दिले. पोरगा गोड होता.

पंधरा दिवस खोकी कपाटावर राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी धीर दिला. त्यांच्या गॅलरीत आठ महिने एक कोरा कमोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभा आहे. आउटलेट भिंतीकडे असलेला आला; त्यांचं भोक जमिनीत.

शेवटी वॉचमनने शेजारच्या बांधकामावरून एक मिस्त्री आणला. ओडिशाचा, केंद्रापाडा जिल्ह्यातल्या पट्टामुंडईचा. मला वाटलं, योगायोग. पण देशभर नळाचं काम करणाऱ्यांत त्या भागातली माणसं भरपूर आहेत आणि पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. तर हा गावचा वसा घेतलेला माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, “माल किसका है?”

“मेरा,” मी आवंढा गिळून म्हणालो.

“ठीक है. दिखाओ.”

त्याने मिक्सर तोलला नाही. मला त्याला चहाबरोबर चकलीही द्यावीशी वाटली, आणि दिली.

रविवारी अकराचा मुहूर्त. गच्चीतला पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा होता आणि तो फिरेना. हातोडीने दोन ठोके दिल्यावर फिरला. पाचच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा टॉवेलवर, डोक्याला साबणाचा फेस अशा अवस्थेत जिन्यात आले.

“नोटीस लावली होती आजोबा, फलकावर.”

“मी चष्मा लावून आंघोळ करतो का?”

त्यांना दोन बादल्या पाणी पोचवलं. आत येतो तर मिस्त्री भिंतीकडे बघत होता. जुना नळ त्याच्या हातात आणि नळाचे अर्धे आटे भिंतीत. “टूट गया,” एवढंच म्हणाला. पुढची चाळीस मिनिटं तो हॅकसॉचं नुसतं पातं चिंधीत धरून, भिंतीतल्या त्या कड्याला आतून खाच पाडत होता. नखाएवढी जागा. जरा जोर जास्त झाला की पाइपाचेच आटे जायचे. मग छिन्नीचा एक हलका ठोका, आणि गंजलेलं कडं आत वळलं, पकडीने ओढल्यावर दातासारखं बाहेर आलं. त्याने ते माझ्या तळहातावर ठेवलं.

आता निपल हवा होता, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा तुकडा. आणायला मी. पट्टीने मोजून गेलो; आटे बाहेरून २१ मिलिमीटर भरले, म्हणून दुकानात ऐटीत पाऊण इंची मागितला. चार मजले चढून आलो तर बसेना. अर्धा इंची म्हणवणाऱ्या पाइपाचे आटेच बाहेरून २१ मिलिमीटर असतात, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं. परत खाली. मग लांबी कमी पडली. परत खाली. तिसऱ्या खेपेला दुकानदाराने न विचारता तीन लांब्यांचे निपल पुढे ठेवले. “उरतील ते परत आणा. मिक्सर कुठून घेतलात?” मी सुटे मोजत राहिलो.

साडेसहा इंचांचं काय झालं? काहीच नाही. मिक्सरबरोबर दोन वाकडे लेग, म्हणजे भिंतीला जोडायच्या आखूड नळ्या, येतात. ते दोन्ही थोडे बाहेरच्या बाजूला फिरवले की अंतर जुळतं. मिस्त्रीने टेफलॉनची टेप आट्यांच्या दिशेने, ओडियात वेढे मोजत गुंडाळली, पान्याच्या जबड्यात माझा रुमाल घातला म्हणजे चकाकीला ओरखडा नको, आणि दहा मिनिटांत मिक्सर भिंतीवर होता.

पाणी सोडलं. लाल खुणेच्या बाजूने गार आलं. गरम पाण्याचा पाइप बिल्डरने उजवीकडे टाकलेला आणि मिक्सरचा गरमचा कान डावीकडे. हिने नेलपॉलिशची लाल बाटली आणून उजव्या बाजूला ठिपका दिला. आता त्या मिक्सरवर दोन लाल खुणा आहेत आणि पाहुण्यांना आम्ही आधी सांगतो. शॉवरच्या मधल्या बारा-पंधरा भोकांतून धार येते, बाकीची कोरडी. अगदी मध्ये ताठ उभं राहिलं तर टाळू भिजते.

मजुरी, निपल, १९९ रुपये, चकल्या. हिशोब मी केला नाही. हिने केला, पण बोलली नाही.

निघताना मिस्त्रीने बादलीतला जुना गारचा नळ उचलला. हा मात्र तोलला. पान्याने वरचा भाग सोडवला, आतून झिजून पापडासारखी झालेली काळी रबरी चकती काढून मला दाखवली.

“बस, वायसर गया था.”

पिशवीतून पाच रुपयांचा नवा वायसर काढून बसवला, नळ पुन्हा आवळला, पुसून टेबलावर ठेवला. “टूटे हुए आटे काट के कहीं भी लगा लो, बीस साल चलेगा. बहुत अच्छा माल है. किसने लिया था?”

“बिल्डरने,” मी म्हणालो.

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आदळलं.